माइक सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार जवळ आला की ठिकठिकाणची स्काउट-गाइड पथके ‘जोटा’च्या, म्हणजे जांबोरी ऑन द एअर या रेडिओवरच्या स्काउट मेळाव्याच्या, तयारीला लागतात. पथकप्रमुख एखाद्या परवानाधारक हॅमला, म्हणजे हौसेने रेडिओ संपर्क करणाऱ्याला, गाठतात, तो सेट (बोलण्या-ऐकण्याचे यंत्र) आणि अँटेना घेऊन येतो, मुलांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या हाती अर्धा मिनिट माइक येतो. मूल नाव सांगते, पुढे काय बोलायचे ते सुचत नाही, शेजारून हॅम कुजबुजतो, मूल तेवढेच म्हणते आणि उठते. फोटो झकास येतो. पुढच्या महिन्यात त्या पथकात रेडिओचा विषयही निघत नाही.

यात दोष आहे तो क्रमाचा. हॅम रेडिओत लहान मुलाला सर्वांत अवघड जाणारी वस्तू म्हणजे माइक, आणि आपण नेमकी तीच आधी पुढे करतो. आधी ऐकायला लावा, मग काही बनवू द्या, मग शोधायला पाठवा आणि शेवटी बोलू द्या. चार-पाच बैठकांत हे सगळे बसते.

जोटाची कल्पना १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या सटन पार्क येथील जांबोरीत जमलेल्या हॅम मंडळींच्या बोलण्यातून निघाली. जी३बीएचके या कॉलसाइनचे (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखखुणेचे) लेस मिचेल यांनी ती उचलून धरली आणि १९५८ मध्ये पहिला जोटा झाला. आता त्याला इंटरनेटवरच्या ‘जोटी’ची जोड मिळाली आहे. ही स्पर्धा नव्हे, इथे गुणही नाहीत आणि क्रमांकही नाहीत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण संपर्कांचा आकडा वाढवत नेणे हे अनेक हॅमच्या अंगवळणी पडलेले असते. आकड्याच्या मागे लागले की सेटसमोर हॅमच बसून राहतो आणि मुले त्याच्या पाठीमागे ताटकळतात.

कायद्याची बाजू आधी उरकू. परवाना नसलेल्या मुलाने हॅम बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यात, बोलावे की नाही, याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत. अमेरिकेत परवानाधारक शेजारी बसून पूर्ण लक्ष ठेवत असेल तर मूल बोलू शकते. मात्र परदेशातल्या स्टेशनशी बोलायचे तर त्या देशाशी तसा करार असावा लागतो. काही देशांत ही मुभा नाही. तेव्हा आपल्या परवाना अधिकाऱ्यांना निदान दोन महिने आधी लेखी विचारावे आणि उत्तर सेटजवळ ठेवावे. ‘सगळे करतात’ हे उत्तर धरू नये. नियम मोडला तर परवाना जातो तो हॅमचा. परवानगी नसेल तर मुलांचा निरोप हॅमने वाचून दाखवावा आणि मुलांनी पलीकडचे उत्तर टिपून घ्यावे. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना माइक लागतच नाही.

पहिल्या बैठकीला सेट आणू नका, नुसता रिसीव्हर आणा. एसएसबी (हॅम बोलण्यासाठी वापरतात ती प्रसारणाची पद्धत) ऐकू येणारा कोणताही शॉर्टवेव्ह रिसीव्हर चालेल. संगणकाला लावून त्याचा रिसीव्हर करणारा आरटीएल-एसडीआर डोंगलही चालेल, पण साधा डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली बहिरा असतो, त्याला अपकन्व्हर्टर (फ्रीक्वेन्सी वर चढवून देणारा जोड) जोडावा लागतो. हे न कळल्याने पुष्कळ पथकांची पहिली संध्याकाळ नुसती खरखर ऐकण्यात जाते. अँटेना म्हणून १० मीटर इन्सुलेटेड वायर झाडावर किंवा गच्चीवर टाकली तरी पुरते. एका वेळी दोन मुले, दोन हेडफोन. स्पीकर लावला की खोलीतला गलका वाढतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही.

पहिला धडा डायल फिरवण्याचा. एसएसबीच्या दोन बाजू (साइडबँड) असतात: १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालची बाजू) आणि वर यूएसबी (वरची बाजू) असा हॅमचा रिवाज आहे. साइडबँड चुकला तर आवाज आहे हे कळते, शब्द मात्र एकही लागत नाही. साइडबँड बरोबर आणि डायल दोन-तीनशे हर्ट्झ सरकलेली असेल तर बोलणारा बदकासारखा वाटतो. डायल हळूहळू फिरवत त्या बदकाचा माणूस करणे मुलांना फार आवडते, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराचा कान यात पाच मिनिटांत तयार होतो. मोठ्या माणसांना जास्त वेळ लागतो.

दुसरा धडा बीकनचा, आणि तो कोणीही गाळू नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभर विखुरलेली १८ बीकन स्टेशने, म्हणजे आपोआप खूण पाठवणारे ट्रान्समीटर, ओळीने बोलतात. प्रत्येकाला १० सेकंद मिळतात, म्हणजे तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण. बीकन आधी मोर्समध्ये आपला कॉलसाइन देते आणि मग एकेक सेकंदाचे चार लांब सूर. कॉलसाइन आणि पहिला सूर १०० वॅटचा असतो, दुसरा १० वॅटचा, तिसरा १ वॅटचा आणि चौथा फक्त ०.१ वॅटचा. हेडफोन लावलेल्या मुलाने ऐकू आलेले सूर बोटांवर मोजायचे, जोडीदाराने वहीत लिहायचे. रिसीव्हर यूएसबीवर ठेवून डायल १४.०९९३ वर लावली की सूर ७०० हर्ट्झचा, कानाला बरा वाटणारा येतो. कोणत्या सेकंदाला कोणाची पाळी हे ठरलेले आहे, त्यामुळे घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लावले आणि वेळापत्रक समोर ठेवले तर मोर्स न येताही श्रीलंकेचे ४एस७बी, जपानचे जेए२आयजीवाय, केनियाचे ५झेड४बी, फिनलंडचे ओएच२बी ही स्टेशने ओळखता येतात. एखादे बीकन दुरुस्तीसाठी बंद असते. ते ऐकू आले नाही म्हणून लगेच अँटेनाला बोल लावू नये.

भिंतीवर जगाचा नकाशा लावून तासातासाने टाचण्या टोचल्या की दुपारी उघडी असलेली दिशा संध्याकाळी मिटताना आणि दुसरीच उघडताना मुलांना डोळ्यांनी दिसते. तेच बीकन १४.१०० नंतर दहा-दहा सेकंदांनी १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर जाते. चपळ मुले त्याचा पाठलाग करतात. कोणत्या बँडवर ते गायब झाले हे लिहून ठेवले की आयनमंडलाचा, म्हणजे रेडिओलहरी वळवणाऱ्या वरच्या हवेच्या थराचा, पाठ निम्मा झालाच.

इथे हमखास एक प्रश्न येतो: फिनलंड ऐकू येते, मग शंभर किलोमीटरवरचे दुसरे पथक का नाही? २० मीटरच्या बँडवर (लहरीची लांबी २० मीटर, म्हणजेच १४ मेगाहर्ट्झ) लहरी तिरक्या वर जाऊन आयनमंडलातून वळतात आणि बऱ्याच लांब उतरतात. मधला पट्टा कोरडा राहतो. त्या पट्ट्यातल्या पथकाशी दिवसा बोलायचे असेल तर ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड घ्यावा आणि अँटेना मुद्दाम ठेंगणी, चार-पाच मीटरवर ठेवावी, म्हणजे लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरतात. अंधार पडला की हाच ४० मीटर लांबचे आणू लागतो आणि जवळचे सोडून देतो. १५ आणि १० मीटर सूर्याच्या मर्जीवर, म्हणजे सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रावर अवलंबून. मुलांना फळ्यावर याचे चित्र काढून दाखवण्याआधी त्यांच्या वहीतल्या नोंदी वाचून घ्याव्यात. चित्र ती स्वतःच काढतात.

बनवण्याच्या बैठकीसाठी मोर्सचा बझर उत्तम. अगदी लहानांना ३ ते १२ व्होल्टवर वाजणारा तयार बझर, ९ व्होल्टची बॅटरी आणि लाकडी पट्टीवर बसवलेली पितळी पत्र्याची चावी (दाबण्याचा स्विच) एवढेच द्यावे, सोल्डरिंग नको. अकरा-बारा वर्षांच्या पुढे ५५५ टायमर हा आठ पिनांचा आयसी. आठव्या पिनेपासून सातवीपर्यंत १० किलोओहम, सातवीपासून सहावीपर्यंत १०० किलोओहम, दुसरी व सहावी पिन एकमेकींना जोडलेल्या आणि तिथून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पहिल्या पिनेला, म्हणजे ऋण टोकाला. चौथी आठवीला जोडायची. पाचवीपासून ऋण टोकाला आणखी एक ०.०१. तिसऱ्या पिनेतून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरड एका ओळीत घालून ८ ओहमचा स्पीकर. चावी बॅटरीच्या धन वायरीत. सूर साधारण ६८५ हर्ट्झचा येतो. १०० किलोओहमच्या जागी ८२ किलोओहम लावला की चढतो, आणि का चढला हे मुलांना विचारता येते.

बझर वाजला नाही तर बहुतेक वेळा दुसरी आणि सहावी पिन जोडायची राहिलेली असते. आयसी गरम लागला तर तो उलटा बसला आहे: खाच कुठे आहे ते पाहा आणि बॅटरी ताबडतोब काढा. आवाज येतो पण बॅटरी तासाभरात बसते, याचा अर्थ १०० ओहमचा रेझिस्टर कोणीतरी गाळला. सोल्डरचा जोड खरबरीत आणि निस्तेज दिसला तर तो कच्चा आहे. सोल्डरिंग आयर्नची बिट आधी पिन आणि पट्टी दोन्हींना दोन-तीन सेकंद टेकवायची आणि मग सोल्डर लावायचे. बिटवर वितळवून वरून थेंब सोडला की कच्चा जोड ठरलेलाच. एका मोठ्या माणसामागे तीन-चारच मुले, डोळ्यांना गॉगल, खिडक्या उघड्या, नंतर साबणाने हात धुणे. यात सवलत नाही.

मोर्स शिकवताना कागदावर ठिपके-रेघा काढून पाठ करून घेऊ नका, कानाने शिकवा. डिटचे (ठिपक्याचे) एक माप, डाहची (रेघेची) तीन मापे. अक्षराच्या आत अंतर एक, अक्षरांमध्ये तीन, शब्दांमध्ये सात. अक्षर जलद वाजवावे आणि दोन अक्षरांमधली जागा लांबवावी. संथ अक्षर शिकलेले मूल डिट मोजू लागते आणि पुढे त्या सवयीतून सुटत नाही. परवान्यासाठी मोर्स अनिवार्य असण्याची आंतरराष्ट्रीय अट २००३ मध्येच निघाली, तेव्हा हे परीक्षेसाठी नव्हे. मुलांना गुप्त खुणांची हौस असते, तिचा उपयोग करून घ्यावा. शिवाय पुढच्या शोधाशोधीत पाच अक्षरे उपयोगाला येतात.

अँटेना पथकानेच उभारावी. गाठी, दोर, खुंट्या हा स्काउटांचा घरचा अभ्यास, आणि इथे हॅमने मागे राहून पाहावे. २० मीटरसाठी डायपोल (मध्ये केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची वायर): १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. १४.२ साठी १०.०७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ५.०३. पण कापताना ५.२५ कापा, कारण वायर आखूड करता येते, लांब करता येत नाही. मध्ये आठ मीटरचा बांबू किंवा फायबरचा खांब, त्याला १२० अंशांवर ताणाचे तीन दोर, दोन्ही बाजू उताराने खाली. मधला कोन ९० अंशांहून कमी होऊ देऊ नये. टोकांच्या दोराला इन्सुलेटरजवळ बोलाइन, खांबाला क्लोव्ह हिच. वायरीला मात्र गाठ मारू नये, ती तिथेच तुटते. इन्सुलेटरमधून वळवून स्वतःभोवती पीळ द्यावा. फीडपॉइंटखाली (केबल वायरीला मिळते त्या जागेखाली) आरजी-५८ केबलचे १२-१५ सेंटिमीटर व्यासाचे दहा वेढे बांधले की केबलच्या बाहेरच्या अंगावरून सेटकडे येणारा करंट बराच आवरतो. तो आवरला नाही तर माइकची धातूची कड ओठाला चावते आणि मूल पुन्हा माइकजवळ येत नाही.

जुळणी करताना एक चूक सर्रास होते. सेटने बँडच्या बाहेर प्रसारण करायचे नसते, म्हणून अॅनालायझर (अँटेनाची जुळणी मोजणारे यंत्र) नसेल तर ५ वॅटवर, फ्रीक्वेन्सी मोकळी आहे हे विचारून, १४.०१० आणि १४.३४० या दोन ठिकाणी एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) मोजावा. खालच्या टोकाला कमी असेल तर वायर लांब आहे, वरच्या टोकाला कमी असेल तर आखूड. अॅनालायझर असेल तर काम गणिताचे: १०.५ मीटर वायर १३.८५० ला जुळत असेल तर १४.२ साठी १०.२४ हवी, म्हणजे प्रत्येक बाजू १३ सेंटिमीटरने कमी. कापू नका, टोक दुमडून वायरीवरच गुंडाळा. १.५ आले की थांबा. १.५ ला जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते. १.१ च्या मागे लागून अख्खी दुपार घालवणारी मंडळी आहेत, त्यांना चहाला पाठवावे. एसडब्ल्यूआर कुठेच उतरत नसेल तर अँटेनाकडे जाण्याआधी प्लग तपासा: मल्टिमीटर मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात बीप देत असेल तर केबलच्या जाळीच्या तारेचा एखादा केस आत शिरला आहे.

वायरीची टोके कोणाच्याही हाताच्या वर, निदान तीन मीटरवर हवीत आणि त्यांना रंगीत चिंधी बांधावी. २० वॅटवरही टोकाला हात लागला तर बोट भाजते. खांब आडवा पडला तर कुठवर पोचेल ते मोजा आणि विजेच्या तारा त्याच्या दुपटीहून लांब आहेत ना ते पाहा. नसतील तर जागा बदला. ढग गडगडला की केबल काढून बाहेर टाका आणि मुलांना आत घ्या.

शोधाशोधीचा खेळ, ज्याला हॅम फॉक्सहंट म्हणतात, स्काउटांना इतर कशाहीपेक्षा जास्त आवडतो, कारण नकाशा आणि होकायंत्र त्यांना आधीच येते. स्पर्धेच्या पद्धतीत पाच लपवलेले ट्रान्समीटर एकाच फ्रीक्वेन्सीवर पाळीपाळीने एकेक मिनिट बोलतात: एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच, एमओ५. शेवटच्या अक्षरात अनुक्रमे एक ते पाच डिट आहेत. मुलाला मोर्स येत नसला तरी शेवटचे डिट मोजले की कितवा कोल्हा, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर, ते कळते. ट्रान्समीटर अर्थात परवानाधारकाच्या नावावर आणि त्याच्या देखरेखीखाली.

दोन मीटर बँडची (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची) अँटेना लोखंडी मोजपट्टीची करता येते. मागचा तुकडा १०५ सेंटिमीटर, मधले दोन तुकडे ४५-४५ चे, त्यांत अडीच सेंटिमीटर फट, पुढचा ८९ चा. पीव्हीसी पाइपवर मागचा आणि मधला यांत २० सेंटिमीटर अंतर, मधला आणि पुढचा यांत ३२. फटीच्या दोन्ही बाजूंना जोडणारा १३ सेंटिमीटरचा यू आकाराचा वायरीचा तुकडा विसरू नका, तो नसेल तर जुळणी होत नाही. पट्टीवरचा रंग खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि कापलेल्या कडा हात कापतात. कडांना चिकटपट्टी लावा. झाडीतून पळताना पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते, तिचे सगळे मोल यातच आहे.

अँटेना नसेल तर शरीराची आड करावी. हँडसेट छातीशी घट्ट धरून जागच्या जागी सावकाश फिरायचे. सिग्नलच्या पट्ट्या सर्वांत कमी दिसल्या की ट्रान्समीटर पाठीमागे आहे. एफएममध्ये सिग्नल कमी झाला तरी आवाज तितकाच राहतो, म्हणून कानावर न जाता पट्ट्या पाहाव्यात. एका जागेवरून घेतलेल्या दिशेवर पळत सुटणारा संघ बहुधा एखाद्या भिंतीपाशी पोचतो: सिग्नल तिच्यावर आपटून आलेला असतो. तीन जागांवरून दिशा घ्या, नकाशावर रेघा मारा आणि त्यांच्या त्रिकोणाकडे चला. शेवटच्या पन्नास मीटरांत सगळ्या पट्ट्या भरतात आणि दिशाच लागत नाही. तेव्हा अँटेना काढून टाका, किंवा डायल ५-१० किलोहर्ट्झ बाजूला सरकवा, किंवा १४५ चा कोल्हा ४३५ वर, तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे तिप्पट फ्रीक्वेन्सीवर, शोधा.

आता माइक. दोन-दोन मुलांची जोडी बसवा: एक बोलतो, दुसरा लॉग (संपर्कांची नोंद) लिहितो, मग अदलाबदल. आदल्या बैठकीत दोन खोल्यांतून साध्या वॉकीटॉकीवर सराव झालेला असावा. हातात पोस्टकार्डाएवढे कार्ड: माझे नाव, माझे पथक, इथले हवामान, मला येणारी एक गोष्ट आणि पलीकडच्याला विचारायचे तीन प्रश्न. जीव आहे तो प्रश्नांत. प्रश्न हाताशी नसला की मूल गोठते. फक्त पहिले नाव. आडनाव, पत्ता, शाळा, फोन यांतले काही हवेवर जायचे नाही, कारण ऐकणारे कोण आहेत ते दिसत नाही.

बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. बोलून संपल्यावरच सोडा. मुले बोलायला लागून बटण दाबतात आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच सोडतात, त्यामुळे नेमके नाव कापले जाते. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर, थोडा आडवा. ओरडले की आवाज फाटतो. एसएसबी साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढेच नेते आणि ‘स’, ‘फ’ यांची सळसळ त्याच्या वरची असते, म्हणून हे वर्ण पलीकडे ओळखू येत नाहीत. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला त्यासाठी आहे. प्रत्येक मुलाला निदान आपले नाव तिच्यात सांगता यावे. रिपोर्ट, म्हणजे पलीकडचा कसा ऐकू येतो त्याचा आकडा, खरा द्यायला शिकवा. सगळ्यांना ५९ (म्हणजे उत्तम) देऊन वर ‘पुन्हा सांगा’ म्हणणे ही मोठ्यांची खोड आहे, ती पुढच्या पिढीकडे जायला नको.

स्काउटांच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सी एसएसबीवर ७.०९० आणि ७.१९०, १४.२९०, १८.१४०, २१.३६०, २८.३९० मेगाहर्ट्झ. त्या फक्त हाक मारण्यासाठी. संपर्क झाला की बाजूला सरका. त्याच शनिवार-रविवारी इतर स्पर्धाही असतात, २० आणि ४० मीटरवर मुलाचा आवाज त्या रेट्यात बुडतो. १७ आणि १२ मीटरवर (१८ आणि २४ मेगाहर्ट्झ) स्पर्धा घेत नाहीत असा संकेत आहे, म्हणून १८.१४० आधी ऐकून पाहावे. त्याहून बरे म्हणजे दुसऱ्या पथकाशी वेळ ठरवून ठेवणे: वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), एक फ्रीक्वेन्सी आणि एक पर्यायी, दहा मिनिटे वाट पाहायची आणि मग पर्यायीवर जायचे. हे कागदावर नसेल तर दोन्ही पथके एकमेकांना वेगवेगळ्या जागी शोधत बसतात.

शिबिरात १०० वॅटचा सेट बॅटरीवर चालवायचा तर तो बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. २.५ चौरस मिलिमीटरची तीन मीटर दुपदरी वायर घेतली की जाऊन-येऊन सुमारे ०.८ व्होल्ट वायरीतच जातो, आवाज फाटतो किंवा सेट मिटतो, आणि सगळे माइकला नावे ठेवतात. वायर जाड आणि आखूड घ्या, फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावा, शक्ती २०-३० वॅटवर आणा. मुलांच्या संपर्काला तेवढी पुरे. खरखर फार असेल तर एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर एकेक करून बंद करा, चोर त्यांतच सापडतो. जनरेटर निदान ३० मीटर लांब ठेवा.

अंतराळ स्थानकाचा एफएम आवाज आणि चित्रे १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या हँडसेटवर येतात. एक फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची असते, त्यामुळे वेळापत्रक पाहून संघनायकाने मुले पाच मिनिटे आधी मैदानात आणावीत. स्थानक बोलत नसेल तर काहीच ऐकू येत नाही, हेही आधी सांगून ठेवावे. एफटी८ या संगणकी पद्धतीबद्दल आमचे मत असे की ती मुलांपुढे मांडू नये. संगणक संगणकाशी पंधरा-पंधरा सेकंदांनी बोलतो आणि मूल पडद्याकडे बघत बसते. ते घरीही बघतेच.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये परवान्याला वयाची अट नाही, इतर ठिकाणी असते. गोडी लागलेल्या दोन-तीन मुलांना अभ्यासाला बसवायचे तर पुढची बैठक जोटानंतर पंधरा दिवसांच्या आत घ्या, दिवाळीची सुट्टी मध्ये आली तरी तारीख आधीच सांगून ठेवा. सेट हॅमबरोबर परत जाईल. रिसीव्हर, वायर आणि लॉगबुक पथकाच्या खोलीत राहू द्या. क्यूएसएल कार्डे (संपर्काची पोचकार्डे) आठवड्याच्या आत मुलांच्या हातूनच लिहून घ्यावीत. कॉलसाइन, तारीख, यूटीसी वेळ, फ्रीक्वेन्सी, मोड आणि रिपोर्ट यांतले एक जरी राहिले तरी पलीकडचा हॅम कार्ड धरत नाही. यूटीसी लावताना मध्यरात्रीच्या आसपासचा संपर्क आदल्या तारखेला जातो की पुढच्या, हे लॉगवरून ताडून पाहा, बहुतेक कार्डे तिथेच चुकतात.

आपले,
स्काउट पथकांबरोबर काम करणारे काही हॅम